सोडटाका

आरी हातातून पडली ती थेट गुरुबसप्पांच्या पायापाशी. निसटली असं म्हणता येणार नाही. निसटलेली आरी कळते, बोटं तिच्यामागं धावतात. ही पडली तेव्हा माझ्या अंगठ्याला पत्ताच नव्हता. फरशीवर आवाज झाला तसं मीच इकडंतिकडं पाहिलं, कुणाचं काय पडलं म्हणून. गुरुबसप्पांनी वाकून आरी उचलली, माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "भुजंगा, तुझीच हाय." चामड्याच्या हत्याराला त्यांनी हात लावला हे माझ्या मागाहून ध्यानात आलं. त्या वेळी माझं सगळं लक्ष समोरच्या फडक्याकडं होतं. देवणीच्या बाजूला वीस एकर राखून असलेला हा माणूस, कपाळाला भस्म, खांद्यावर उपरणं, एस. टी. बदलत लातूरला गोलाईच्या मागच्या बोळात माझ्या टपरीएवढ्या दुकानात आला होता, आणि त्या फडक्यातून त्यांनी बैलाचा एक गळपट्टा काढून माझ्यापुढं ठेवला होता. पट्टा मी पाहिल्याबरोबर ओळखला. आपल्या हातचा टाका माणूस विसरत नाही. मग आरी अंगठ्यामुळं पडली की पट्टा पाहून पडली, हे मला आजही ठरवता येत नाही.

"बहात्तरचा हाय," गुरुबसप्पा म्हणाले. "त्या वानेऱ्याचा. बैल गेला, पट्टा बघ. अकरा वर्षं झाली, एक टाका हलला न्हाई. यंदा गोऱ्हा पोळ्याला उभा करायचाय. वानेराच हाय, तोंड काळं, अंग दुधावानी. त्याला अस्साच करून दे. तसूभर बी कमी नगं." मी पट्टा हातात घेतला. तेलपाणी करून जपलेला होता. कुणी मेलेल्या बैलाचा पट्टा अकरा वर्षं तेल लावून ठेवतो का? मी म्हणलं, "अप्पा, आता तुम्हीच बांधता का सगळी जनावरं? गडी असंल." ते म्हणाले, "न्हाई. बांधायचं मी सोडून दिलं. घरात ते काम मल्लम्मा करती." मल्लम्मा म्हणजे त्यांची बायको. मग उपरण्यानं तोंड पुसून, तीन आठवड्यांनी येतो म्हणून ते निघून गेले. नमुन्याला पट्टा ठेवून गेले. मी तो पालथा करून कडीपाशी पाहिलं. पाहायची गरज नव्हती. तिथं काय नाही ते मला ठाऊक होतं.

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गळपट्ट्याला एक लोखंडी कडी असते, तिच्यात दावं ओवतात. ती कडी पट्ट्याला धरून ठेवायला चामड्याची एक बोटभर पट्टी असते, आणि ती पट्टी चार टाक्यांनी शिवतात. बाकी सगळा पट्टा दुहेरी मेणाच्या दोऱ्यानं, दोन सुयांनी, जन्मभर सुटू नये असा शिवायचा. पण ते चार टाके एकपदरी साध्या सुताचे घालायचे, मेण न लावता. रोजच्या ओढाताणीला ते पुरतात. जनावर कुठं अडकलं, लोंबकळलं, सगळं वजन एकदम गळ्यावर आलं, तर तुटतात. कडी सुटते, जनावर मोकळं होतं. माझा बा, नरसिंग, त्याला सोडटाका म्हणायचा. टाके चार, नाव एकाचं. वर्षा-दीड वर्षानं सूत झिजलं की बा ते फुकट बदलून द्यायचा. उदगीरच्या बाजारात लोक त्याच्याकडं दोन कोस वाकडी वाट करून यायचे ते त्यासाठीच. आणि मी तरणाताठा, मिशीला पीळ देत हिंडणारा, मला त्याची लाज वाटायची. लोक पट्टा परत घेऊन यायचे, "नरसिंगा, सुटला की रं," म्हणायचे, आणि बा हसत हसत चार टाके घालून द्यायचा. मला वाटायचं, आपलं काम परत येतं म्हणजे आपलं नाक कापलं जातं.

आम्ही तेव्हा गुरुबसप्पांच्याच गावात राहायचो. तेच एकदा बोलून गेले होते. "तुमचा पट्टा दोनदा सुटला, भुजंगा. बैल पार कर्नाटकात जाऊन आला." बा बाजाराला गेला होता. मी म्हणलं, "अप्पा, ह्या खेपेला माझ्या हातचा न्या. सुटला तर मला सांगा." आणि त्या चार टाक्यांच्या जागी मी दुहेरी मेणाचे सहा घातले. हातोडीनं ठोकून बसवले. फुशारकी म्हणजे काय, ती तीच. कुणी मला सांगितलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. पट्टा बा परत यायच्या आत गेलासुद्धा.

अंगठ्याचं दुखणं म्हणावं तर दुखणं नव्हतंच. दुखत असतं तर बरं झालं असतं. सहा महिन्यांपासून उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं हळूहळू परक्याची होत गेली. डॉक्टर म्हणाला, मनगटात नस दबली, तीस वर्षं एकाच जागी जोर दिला की असं होतं, आता काम बंद करा. काम बंद करा म्हणायला याच्या बाचं काय जातं. मी केवळाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, काही सांगितलं नाही. तिनं एका सकाळी मला सदऱ्याच्या गुंड्या डाव्या हातानं लावताना पाहिलं, आणि चहाची कपबशी माझ्या डाव्या बाजूला ठेवली. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मशीन घ्या आता. जिल्हा झालाय. हातानं किती दिवस शिवणार?"

जिल्हा झाला हे खरं होतं. उस्मानाबादपासून तुटून लातूर वेगळं झालं त्याला वरीस होत आलं होतं. जुन्या कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या होत्या, रंग वाळायच्या आत साहेब बदलत होते. नव्या जिल्ह्याला नवे पोलीस, नव्या पोलिसांना नवे कंबरपट्टे. कंत्राटदार येऊन दोनशे पट्ट्यांचं बोलून गेला होता. पाऊस मात्र जिल्हा पाहून यायला तयार नव्हता. मिरग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. बाजारात जनावरं स्वस्त झाली, आणि जनावरं स्वस्त झाली की थोड्या दिवसांनी कातडं स्वस्त होतं. आमच्या धंद्याची ही गोष्ट मला कधी मोठ्यानं बोलता आली नाही. दुष्काळात लोकांचं जातं आणि आमच्याकडं येतं. केवळाबाईचं म्हणणं सरळ होतं. नांदेडला मोटरचं मशीन मिळतं, पाय दाबला की घोड्यावाणी पळतं, दिवसाला वीस पट्टे निघतील. तिचं चुकत नव्हतं. हातानं मी दिवसाला तीन काढत होतो, आणि त्या अंगठ्यानं आता एकही धड निघत नव्हता. मशीन चुकलं तर पुन्हा दुसरं घेण्याची आमची ऐपत नव्हती, आणि मशीनशिवाय हा हात फार तर दिवाळीपर्यंत चालला असता. मी नांदेडच्या गाडीत बसलो. पिशवीत चामड्याचे तुकडे घेतले, जाड, पातळ, चार पदरी, तपासून पाहायला. आणि तो पट्टाही घेतला. कशाला घेतला, मला सांगता येणार नाही. दुकानात ठेवून जायला मन होईना.

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीतून रान दिसत होतं, नांगरून उताणं पडलेलं. बहात्तरलाही असंच होतं, पण तेव्हा रान नांगरायलाही कुणी गेलं नव्हतं. सगळी माणसं खडी फोडायला. गुरुबसप्पांनी बैल विकले नाहीत. सात होते, सहा गेले, हा वानेरा तेवढा राखला होता. आटलेल्या तलावाच्या काठाला बाभळ होती, सावली होती म्हणून बैल तिच्या बुंध्याला बांधायचे. बैल उपाशी, पायात बळ नाही. काठावरून पाय घसरला आणि तो दाव्याला लोंबकळला. खाली चार हातांवर गाळ होता, मऊ. दावं टिकलं, बुंधा टिकला, पट्टा टिकला. बैल तेवढा गेला. आम्हाला सांगावा आला तो दुपारी. मेलं जनावर ओढायचं काम आमचंच. बा आणि मी गेलो. बैल अजून तसाच होता, मागचे पाय हवेत, तोंड काळं, जीभ बाहेर. बानं जवळ जाऊन पट्ट्याची कडी हातात धरली, पट्टी पालथी करून पाहिली, बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. मी त्याचा आधी किती वेळा मार खाल्ला होता, शिव्या खाल्ल्या होत्या. त्या दिवशी त्यानं काहीच केलं नाही. पट्टा सोडला, धोतराला पुसला आणि गुरुबसप्पांच्या हातात दिला. आणि मग म्हणाला, "अप्पा, ह्याचं कातडं आमी काढत न्हाई. पुरू या." मेल्या ढोराचं कातडं आमचं हक्काचं, त्या साली तर तेवढंच पोटाला होतं. गाव थक्क झालं. गुरुबसप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "माझ्या बैलाचा मान ठिवला तुमी." मी खड्डा खणत होतो, मान खाली घालून. खणताना मला एवढंच वाटत होतं, की बानं आता माझ्या थोबाडीत मारावी. तो मेला तोवर त्यानं मारली नाही. फक्त त्या दिवसापासून कुठल्याही पट्ट्याचे शेवटचे चार टाके त्यानं मला घालू दिले नाहीत. मी पूर्ण पट्टा शिवून त्याच्यापुढं ठेवायचो, तो चार टाके घालून बाजूला ठेवायचा. आठ वर्षं. त्याचे डोळे गेले तरी चाचपून घालायचा.

नांदेडला रामकिशनचं दुकान मोठं होतं. पंखा, आरसा, देवाची तसबीर, आणि ओळीनं मशिनी, वर प्लास्टिक अंथरलेल्या. तरणा पोरगेलासा मालक, पण बोलायला तरबेज. "काका, ह्याच्यात टाका एकदा बसला की बसला. चामडं फाटेल, टाका सुटणार नाही. लिहून देतो." त्याला काय ठाऊक. त्यानं मोटर लावली, दोन पदरी पट्टा घातला, पाय दाबला, आणि हातभर शिवण डोळ्याचं पातं लवेपर्यंत झाली. टाका एकसारखा, रांगेत उभ्या केलेल्या शाळेतल्या मुलांवाणी. पोलिसांच्या पट्ट्याला याच्यापुढं जायची गरजच नव्हती. मी माझा तुकडा काढला, चार पदरी, मधे फुगीर. सुई चढताना अडली, वरचा पदर पुढं सरकला, खालचा मागं राहिला. रामकिशन म्हणाला, "एवढा जाड कोण शिवतं आता, काका?" मग मी खडूनं एक रेघ ओढली आणि म्हणलं, ह्या रेघेपाशी थांबवून दाखव. त्यानं थांबवलं, दोन टाके पुढं. पुन्हा केलं, तीन टाके पुढं. मी केलं, तर माझ्या पायानं पाच. कापडाला चालतं, उसवलं की झालं. चामड्याला एकदा भोक पडलं की ते बुजत नाही, जन्मभर तिथं राहतं. तो म्हणाला, "काका, सवय होईल." त्याचंही चुकत नव्हतं. मी त्याला म्हणलं, संध्याकाळपर्यंत सांगतो. आणि बाहेर पडलो तर पाय कुठं न्यावेत कळेना. मशीन चांगलं होतं, बायको म्हणत होती तेच होतं, पैसे कनवटीला होते, आणि मला ते घ्यावंसं वाटत नव्हतं. एका रेघेसाठी. स्वतःवरच चिडलो मी. म्हणलं, भुजंग्या, तुला काम करायचंय का प्रायश्चित्त घ्यायचंय?

गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला म्यानं करणारे बसतात. कृपाणीची म्यानं, तिचे खांद्यावरचे पट्टे. चामड्याचा वास आला म्हणून मी त्या बाजूला वळलो असेन. एका ओट्यावर पांढऱ्या दाढीचा म्हातारा बसला होता, आणि त्याच्या शेजारी काळं, बुटकं, जुनं मशीन. त्याला मोटर नव्हती. बाजूला हातानं फिरवायचं लोखंडी चाक होतं. शिवायचा भाग पाटासारखा सपाट नव्हता, कोपरापासून पुढं केलेल्या हातासारखा होता, म्हणजे गोल वस्तू त्याच्याभोवती चढवता येते. मी थांबलो तसं म्हातारा म्हणाला, "बेचनेका है. नजर गयी मेरी." नाव लाभसिंग. डोळ्यांवर दुधी साय आलेली. मी त्याला माझा जाड तुकडा दिला. त्यानं तो नुसता बोटांनी पाहिला, मशीनच्या हातावर चढवला, आणि माझा डावा हात धरून चाकावर ठेवला. "फिराव." मी फिरवलं. एक फेरा, एक टाका. वरचा पाय आणि खालचे दात दोन्ही मिळून चामडं सरकवत होते, त्यामुळं एकही पदर मागं राहिला नाही. फुगीर भागावर सुई बैलगाडी चढावी तशी कण्हत चढली आणि उतरली. मी रेघ ओढली, रेघेपाशी चाक धरलं. सुई रेघेवर उभी राहिली. लाभसिंग म्हणाला, "चलती तो सब मशीनां. रुकती कैसी वो देखना."

मला तिथून उठवेना. मी पिशवीतून पट्टा काढला आणि म्हणलं, ह्याच्यासारखा शिवता येईल का बघा. त्यानं पट्टा मांडीवर घेतला आणि टोकापासून बोटं फिरवत आला, टाका टाका मोजत असल्यासारखा. "किसका काम है?" मी म्हणलं, माझंच. "पक्का है," तो म्हणाला. "भोत पक्का." मग त्याची बोटं कडीपाशी आली आणि तिथंच थांबली. पट्टी त्यानं पालथी केली, नखानं टाके चाचपले. "खुलता कां से?" त्यानं पुन्हा विचारलं, सहज, जसं कुणी घराचं दार कुठं आहे विचारावं. "जनावर अटक गया तो खुलता कां से, भाई? म्यान भी पकडती है, पर सरदार मांगा तो छोडती है." मी म्हणलं, "नहीं खुलता." "तो?" "तो मर गया." लाभसिंगानं पट्टा माझ्या हातात परत दिला. अकरा वर्षांत हे मी पहिल्यांदाच कुणाला बोललो होतो, तेही एका आंधळ्या परक्या माणसाला, अर्ध्या हिंदीत. त्यानं चहा मागवला. पिऊन झाल्यावर म्हणाला, "जिसका था उसकू बोले?" मी म्हणलं, नाही. "अच्छा," एवढंच म्हणाला आणि मशीनचं तेल कुठं कुठं घालायचं ते दाखवायला लागला.

लाभसिंगाचं मशीन गाडीच्या टपावर चढवून, पोत्यात गुंडाळून, लातूरला आणलं. केवळाबाईनं पोतं सोडलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवं, तुमी मशीन आणायला गेलता का म्हातारपणची सोबत?" मी म्हणलं, हे हातानं चालतं, वीज गेली तरी चालतं. म्हणाली, "आन् दोनशे पट्टे?" मी म्हणलं, दिवसाला आठ निघतील. "कंत्राटदार रोजचे वीस म्हणून गेलाय." "त्याला आठच सांग." ती चिडली, दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, बाभळीचा बुंधा, सहा टाके, बाचं पाहणं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. ती ऐकून म्हणाली, "म्हणून सासरेबुवा शेवटचे टाके स्वतः घालायचे. मला वाटायचं, लेकावर इस्वास न्हाई." मी म्हणलं, नव्हताच. ती उठली, घागरीतलं तळाचं पाणी काढून तिनं चहाला ठेवलं, आणि मग मशीनच्या चाकाला हात लावून पाहिला.

गोऱ्ह्याचा पट्टा आम्ही दोघांनी मिळून शिवला. मी डाव्या हातानं चाक फिरवायचो, ती चामडं धरायची. खडूची रेघ आली तिथं मी चाक धरलं. पुढचे चार टाके हातानं घालायचे होते. आरी डाव्या हातात घेतली, भोकं पाडली, एकपदरी सूत ओवलं. पण टाका किती ओढावा हे अंगठा सांगत असतो, आणि माझा अंगठा आता काही सांगत नव्हता. केवळाबाई जवळ बसली. "ओढा. आणखी. आता बास." चार टाक्यांना आम्हाला अर्धी दुपार लागली. दोन वेळा सुई बोटात गेली, तिनं रक्त पाहिलं म्हणून कळलं. मग मी पट्ट्याच्या कडीत दोरी घालून दुकानाच्या तुळईला बांधली आणि स्वतः पट्ट्याला लोंबकळलो. चार टाके तटातट तुटले आणि मी फरशीवर आपटलो. केवळाबाई हसायला लागली, आणि हसता हसता तोंडाला पदर लावून बसली. मग आम्ही पुन्हा चार टाके घातले.

गुरुबसप्पा तीन आठवड्यांनी येणार होते. मी थांबलो नाही. त्यांच्या गावात गाडीतून उतरलो तेव्हा दिवस कलायला आला होता. गोठा घराच्या डाव्या अंगाला. आमच्या लोकांची हद्द तिथपर्यंतच, त्यामुळं मला वाट विचारावी लागली नाही. गुरुबसप्पा बाहेर बाजेवर दोरीला पीळ घालत बसले होते, आणि आत मल्लम्मा, साठीच्या पुढची, गुडघ्यावर हात टेकत एकेका जनावराला खुंट्याला बांधत होती. गडी नुसता उभा होता. मला पाहून गुरुबसप्पा उठले. "झाला? एवढ्या लौकर?" मी पट्टा दिला. त्यांनी पाहिला, वास घेतला, पसंतीनं मान हलवली, आणि कडीपाशी त्यांची नजर थांबली. "हितं सूत का रं? मेणाचा न्हाई?" मी घरून निघाल्यापासून वाक्यं जुळवत आलो होतो. त्यातलं एकही कामाला आलं नाही. मी म्हणलं, "अप्पा, हितं सूतच लागतं. बहात्तरच्या पट्ट्यात मी घातलं नव्हतं. सहा टाके मेणाचे घातले. सूत असतं तर ते तुटलं असतं, कडी सुटली असती. बैल खाली गाळात पडला असता. जगला असता."

त्यांनी पट्टा बाजेवर ठेवला. मला वाटलं आता दगड उचलतील, आणि उचलावा असं वाटलंही. पण ते म्हणाले, "दावं मी लांब ठिवलतं." मी म्हणलं, "काय?" "दावं. चरायला मिळावं म्हणून लांब ठिवलं. हिनं सांगितलतं, काठाला बांधू नगा, आन् बांधलंच तर आखूड बांधा. मी ऐकलं न्हाई." त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "त्या दिवसापासून ती मला एक जनावर बांधू देत न्हाई. दुसऱ्याच दिवशी माझ्या हातातून दावं काढून घेतलं. पुन्हा कधी दिलं न्हाई. मी बी मागितलं न्हाई. माझ्याच हातानं मारला म्हणून." अकरा वर्षं मी समजत होतो की माझी चूक माझ्यापाशी आहे, झाकून ठेवलेली, माझ्याशिवाय कुणाला तिचा त्रास नाही. आणि ती ह्या माणसाच्या घरात रोज संध्याकाळी जनावरं बांधायच्या वेळेला उभी राहत होती. मी म्हणलं, "अप्पा, दावं लांब होतं. तरी बी जगला असता. आखूड दाव्यानं जगला असता, लांब दाव्यानं बी जगला असता. माझ्या टाक्यानं मेला."

गुरुबसप्पांनी आत हाक मारली. "ए, हिकडं ये." मल्लम्मा आली, हातात दावं तसंच. ते मला म्हणाले, "सांग हिला. मला सांगितलंस तसं." मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त जड गेलं. सगळं ऐकून मल्लम्मा म्हणाली, "अकरा वरीस?" मी म्हणलं, "हाव, अव्वा." "तुझा बा आलता त्या दिवशी. कातडं घेतलं न्हाई. त्याला ठाऊक व्हतं?" मी म्हणलं, "व्हतं." ती म्हणाली, "मी त्याला दर पोळ्याला पुरणाची पोळी धाडीत व्हते. मान ठिवला म्हणून." आत गोऱ्ह्यानं मान हलवली, त्याचं शिंग रिकाम्या खुंट्यावर वाजलं. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही, मागायला तोंड नव्हतं. ती म्हणाली, "पट्टा घाल त्याच्या गळ्यात. तुझ्या हातानं."

मी गोठ्यात गेलो. गोऱ्हा खरंच देखणा होता, तोंड काळंभोर. पट्टा घालताना त्यानं माझा उजवा हात चाटला, आणि मला ते डोळ्यांनी पाहूनच कळलं. बक्कल लावून मी बाजूला झालो. मल्लम्मानं कडीत दावं ओवलं. रोजच्यासारखी खुंट्याकडं वाकली, आणि वाकता वाकता थांबली. सरळ उभी राहिली, मागं वळली आणि दाव्याचं मोकळं टोक नवऱ्यापुढं धरलं. गुरुबसप्पांनी ते लगेच घेतलं नाही. मग घेतलं, खुंट्यापाशी उकिडवे बसले. पहिली गाठ सुटली. दुसरी वाकडी पडली, त्यांनी ती सोडली. गडी पुढं सरसावला तसा मल्लम्मानं त्याला हातानं मागं सारलं. तिसऱ्या वेळी गाठ बसली.